आठवड्याची गोळी, सकाळचा ताठरपणा आणि तुमचा मोबाइल
संधिवाताच्या रुग्णांसाठी आमच्या अ‍ॅपची माहिती

संधिवाताचं निदान होतं त्या दिवशी डॉक्टर बरंच काही सांगतात. पण मनात धास्ती असते, सांधे ठणकत असतात. घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये सगळी माहिती एकदम अंगावर येत नाही. नवं औषध सुरू झालं की त्या औषधाचा छोटा व्हिडिओ येतो, रक्ततपासणी जवळ आली की ती का करायची ते सांगणारा. युरोपातल्या संधिवात क्षेत्राच्या ‘युलार’ या संघटनेने २०१५ च्या शिफारशींत रुग्णशिक्षण हा उपचाराचाच भाग मानला आहे. आम्हीही तसंच मानतो.

मेथोट्रेक्सेट घेत असाल तर पुढचा भाग कृपया दोनदा वाचा. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या प्रकारच्या संधिवातात) बहुतेक वेळा हेच औषध आधी दिलं जातं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या असल्याने हीसुद्धा चुकून रोज घेतली जाते. ही चूक जिवावर बेतू शकते: तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात. अ‍ॅप तुमचा वार आधी विचारून घेतं आणि त्याच वारी आठवण करतं. ‘घेतली’ असं नोंदवलंत की पुढच्या आठवड्यातल्या त्या वारापर्यंत ते बटण बंद राहतं. मेथोट्रेक्सेटसोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीचा वार डॉक्टरांनी लिहून दिला असेल तसाच भरा.

वेदनाशामक गोळीचा गुण काही तासांत जाणवतो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांना मात्र साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणून अनेकजण नेमकं याच काळात औषध सोडतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. म्हणून हा धडा आम्ही सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा दाखवतो. एकदा पाहिलाय म्हणून तो बंद करू नका.

रोजच्या नोंदीला एखादं मिनिट पुरतं. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले होते, थकवा किती आहे ते भरा आणि चित्रातल्या सुजलेल्या सांध्यांवर बोट ठेवा. डॉक्टर आजाराची तीव्रता मोजताना बहुधा २८ सांधे तपासतात. त्यात घोटे आणि पावलं येत नाहीत. आमच्या चित्रात ती मुद्दाम घेतली आहेत, कारण पावलांचं दुखणं सांगायचं राहून जातं. पुढच्या भेटीत हा आलेख डॉक्टरांसमोर ठेवा. ‘मधे जरा त्रास झाला होता’ एवढ्यावरून त्यांना फारसं काही ठरवता येत नाही.

मणक्याच्या संधिवातात पडून राहिल्याने ताठरपणा वाढतो, म्हणून त्या रुग्णांना व्यायामाचे व्हिडिओ रोज येतात. युरिक अ‍ॅसिड साठून सांधे सुजतात त्या गाऊटसाठी रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडची नोंद आहे (ते सहसा प्रति डेसिलिटर ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं असतं), प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या ल्युपससाठी उन्हापासून जपण्याचे धडे.

अ‍ॅप निदान करत नाही आणि औषधाचा डोसही बदलत नाही. बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी) इंजेक्शनं चालू असताना ताप आला, किंवा एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, तर नोंद करत बसू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा. स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, मग बरं वाटत असलं तरीही.

बोटं दुखत असतील तर बोलून नोंद करता येते. घरातलं कुणी तुमच्या वतीने भरणार असेल, तर त्यांना वेगळा प्रवेश देता येतो. तुम्ही स्वतः पाठवल्याशिवाय नोंदी कुणालाही दिसत नाहीत. मोबाइल वापरायचाच नसेल, तर हेच धडे मोठ्या अक्षरांत छापून मिळतील, तसं आम्हाला कळवा. पहिल्यांदा माहिती भरताना डॉक्टरांची ताजी चिठ्ठी हाताशी ठेवा. औषधांची नावं आठवणीवरून लिहू नका.