बिऱ्हाड मांडण्याआधीचा हिशोब

घर भाड्याने घ्यायचं की कर्ज काढून विकत? अनामत रक्कम कोणी भरायची? तिच्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवायचे का? त्याचं शैक्षणिक कर्ज दोघांनी मिळून फेडायचं की त्याचं त्यानेच? लग्न ठरलेली किंवा लग्नाशिवाय एकत्र राहू पाहणारी जोडपी आज पुण्या-मुंबईत या प्रश्नांशी अडतात, आणि काहींचं तिथेच मोडतं. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." पैशाची बोलणी त्यांच्याही वेळी होती आणि चांगली कडाक्याची होती. फक्त ज्यांना संसार करायचा, ती दोघं त्या बोलण्यांत नसायची.

बैठक बसायची ती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची. हुंडा, मानपान, करणी, जेवणावळ कोणाकडे, दागिने किती तोळ्यांचे, हे सगळं यादीत उतरायचं आणि मग सुपारी फुटायची. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला तरी याद्या थांबल्या नाहीत. त्यांत लग्नाच्या दिवसाचा हिशोब बारीक असे, पुढच्या संसाराचा मात्र एक आकडा नसे. तो खर्च एकत्र कुटुंबाच्या तिजोरीतून व्हायचा आणि तिजोरीची किल्ली कर्त्याच्या कनवटीला असायची.

या रिवाजाला गाजलेला जाहीर नकार दिला तो मुंबईच्या रखमाबाईंनी. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच घरी राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावं म्हणून उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंची बाजू आजही वाचावी अशी आहे. नवऱ्याला स्वतःचं आणि बायकोचं राहणं-खाणं भागवता येत नाही, त्याची प्रकृती बरी नाही आणि तो ज्यांच्या आश्रयाने राहतो त्यांचं वर्तन चांगलं नाही, अशी कारणं त्यांनी मांडली. म्हणजे एकत्र राहायला जाण्याआधी घर कुठलं, पैसा कुठून येणार आणि सोबत कोण असणार, हे त्या विचारत होत्या. समोरून आरोप झाला की रखमाबाईंच्या नावावरच्या मालमत्तेसाठी माहेरचे त्यांना अडवत आहेत. पैसा दोन्ही बाजूंच्या कैफियतीत होता.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दोघं कधी एकत्र राहिलेलीच नाहीत, हा त्यातला मोठा मुद्दा होता. अपिलात प्रकरण परत आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असं फर्मावलं. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांसारखे नेते त्यांच्या विरोधात उभे राहिले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आजच्या मुलीने "आधी बोलून घेऊ" म्हटलं की तिला हिशोबी ठरवणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

मुलग्यांची अडचण वेगळी होती. स्वतःचा पगार स्वतःचा असतो, हे कायद्याने गृहीत धरलेलं नव्हतं. कुटुंबाच्या पैशावर विशेष शिक्षण घेतलं तर त्यातून होणारी कमाई एकत्र कुटुंबाची, असा दंडक होता. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका आयसीएस (इंग्रजी अमलातल्या वरिष्ठ सनदी सेवेतल्या) अधिकाऱ्याच्या कमाईलाही तो लावला. त्यावर उतारा म्हणून बॅ. मुकुंदराव जयकर यांनी विधेयक आणलं आणि १९३० मध्ये विद्याधनाचा कायदा झाला. शिकून मिळवलेलं ज्याचं त्याचं ठरलं. बाईने कष्टाने, कलेने मिळवलेल्या पैशावर जुन्या शास्त्राप्रमाणे नवऱ्याचा ताबा असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी आणली. दोघांकडे आपापला पैसा असल्याशिवाय दोघांत मतभेद होणार तरी कशावरून?

मुंबईच्या गिरणगावात तर नवरा-बायकोने एकत्र राहणं हेच चैनीचं होतं. कोकण-घाटावरचा गडी चाळीतल्या खोलीत गाववाल्यांसोबत राहायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर गावी धाडायचा. बिऱ्हाड कधी करायचं हे गावाकडचं कर्ज ठरवायचं. आज पगाराचा पहिला वाटा घरी पाठवण्यावरून जो वाद होतो, त्यात ही मनीऑर्डर अजून जिवंत आहे. गावाकडे पाठवण्याच्या पैशाला उधळपट्टी म्हणणाऱ्या जोडीदाराशी माझं पटत नाही. मात्र तो आकडा आधी सांगायला हवा, हेही तितकंच खरं.

भांडणाचं वय खाली आणलं ते गृहकर्जाने. पूर्वी नोकरदाराचं घर बहुधा निवृत्तीच्या सुमारास, फंडाच्या पैशातून व्हायचं. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी सुरू केली आणि पुढे तरुणपणीच कर्ज काढून घर घेणं रुळलं. शहरातल्या किमतींना एकाचा पगार पुरेना, तेव्हा दोघांची मिळकत धरून कर्ज मिळू लागलं. वीस वर्षांचे हप्ते आणि दोन सह्या. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे नाव कोणाचं लावायचं हा भावनेचा विषय रोकड्या फरकाचाही झाला.

लग्न न करता राहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने 'विवाहसदृश' नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं. असं नातं ओळखायचं कसं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात सांगितलं. त्या निकषांत एकमेकांना आर्थिक आधार, सामायिक बँक खातं आणि दोघांच्या किंवा बाईच्या नावावरची मालमत्ता हेही आहे. सगळं वेगवेगळं ठेवणाऱ्या जोडप्याने हे ध्यानात ठेवावं.

गोव्यात मात्र हा प्रश्न लग्नाआधीच उभा राहतो, तोही कायद्यानेच. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली आणि तिची चौकट आजही टिकून आहे. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर लग्नापूर्वी तसा नोंदणीकृत करार करावा लागतो आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता सामायिक होते, प्रत्येकाचा अर्धा वाटा. मग घर-जमीन विकायला दुसऱ्याची संमती लागते. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या अर्जात नाव, वय, पत्ता, धर्म, साक्षीदार हे सगळं विचारतात. मालमत्ता कशी ठेवणार, हा रकाना त्यात नाही.