दुखलं नाही म्हणून

पावसाळ्यातली रात्र. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे तीन-चारच्या सुमारास पोट दुखतंय म्हणून उठतो. एखादी उलटी होते. घरातले ओवा देतात, रात्री काय खाल्लं ते आठवून बघतात. उजाडेपर्यंत त्याचा आवाज बोजड होतो, थुंकी गिळता येत नाही आणि पापण्या अर्ध्यावर उतरतात. "डोळे उघड" म्हटलं तर तो कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढतो, पण पापणी काही उचलली जात नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. त्याला मण्यार चावली आहे, आणि ती चावली तेव्हा त्याची झोपसुद्धा मोडली नव्हती.

विषारी प्राणी चावला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "फार दुखतंय का?" प्रश्न मायेचा असतो, पण त्याच्या उत्तरावरून धोका मोजायला गेलो की फसगत होते. घोणस किंवा फुरसं चावलं तर भयंकर दुखतं, सूज चढते आणि जीवही धोक्यात येतो. तिथे दुखणं खरं बोलतं. विंचू आणि मण्यार यांच्या बाबतीत मात्र ते सर्रास खोटं बोलतं.

विंचवाचंच बघा. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू, वीतभरही वाढतो. पुढच्या नांग्या खेकड्यासारख्या जाडजूड. तो डसला की माणूस रात्रभर कळवळतो, पण धडधाकट मोठा माणूस सहसा त्याने मरत नाही. कोकणातला लाल विंचू त्याच्यापुढे किरकोळ दिसतो. दोन-तीन इंच लांबी, पुढच्या नांग्या चिमट्यासारख्या बारीक, शेपूट मात्र जाड. ज्याच्या नांग्यांत जोर आहे तो भक्ष्य चिरडून मारतो, आणि ज्याच्या नांग्या नाजूक आहेत त्याची सारी भिस्त विषावर. हा ठोकताळा बऱ्याच वेळा बरोबर ठरतो. पण विंचू शोधून त्याची शेपूट न्याहाळण्यात वेळ घालवू नये, आणि डसलेलं मूल लहान असेल तर विंचू कुठला हा विचारच नको. तडक दवाखाना गाठावा.

1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू डसलेले रुग्ण तिथे एकामागून एक येत आणि गंभीर झालेल्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत. डॉक्टर त्यांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून टिपणं काढू लागले. आधी उलट्या. मग घामाच्या धारा, इतक्या की कपडे पिळून काढावेत. तोंडाला लाळ. पुरुषांत, अगदी लहान मुलांतही, लिंगाला ताठरता. सांगायला संकोच वाटतो, पण निदानासाठी ही फार महत्त्वाची खूण आहे. आणि हातपाय बर्फासारखे गार. हे सगळं होत असताना डसलेल्या जागी मात्र फारसं दुखत नसे. काही तासांनी दम लागे, तोंडाला गुलाबी फेस येई आणि खेळ आटपे.

या विषातली प्रथिनं मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना पाचर मारतात. दार उघडतं, पण मिटत नाही. त्यामुळे तंतू संदेश पाठवतच राहतात आणि अंगात अ‍ॅड्रेनालिन व त्याच्या भाऊबंदांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते त्यामुळेच. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. म्हणजे रुग्ण विषाने जेवढा मरतो, त्याहून जास्त स्वतःच्याच शरीरात उठलेल्या वादळाने मरतो.

हे उमगल्यावर बावस्करांनी उपाय शोधला तो रक्तदाबाच्या औषधांत. प्राझोसिन नावाची साधी गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ती तोंडाने देता येते, महागडी यंत्रं लागत नाहीत, खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येते. त्यांचं हे काम 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे या गोळीने मृत्यूचं प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आलं. नंतर विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविषही आलं, आणि दोन्ही मिळून दिलं तर रुग्ण लवकर सावरतो हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या सन्मानापेक्षा त्यांच्या टिपणांतली एक गोष्ट मोठी वाटते. गंभीर रुग्ण बरा होऊ लागला की हातपाय कोमट होतात आणि डसलेल्या जागी पुन्हा मुंग्या येतात. हरवलेली संवेदना परतणं ही तिथे शुभवार्ता असते.

आता विंचू उतरवणाऱ्याचं यश कशात आहे, ते ध्यानात येईल. डसणारे बहुतेक विंचू जीवघेणे नसतात. ठणका काही तासांनी आपोआप ओसरतो आणि श्रेय मंत्राला जातं. लाल विंचवाच्या रुग्णाचं दुखणं कमी असतं, म्हणून "उतरला" असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं. गेलेले ते तास परत मिळत नाहीत.

विंचू दिवसा जांभ्याच्या दगडांखाली, लाकूडफाट्यात, पेंढ्यात, बुटात दडून असतो. रात्री अतिनील प्रकाशाची टॉर्च घेऊन एखाद्या गडग्यावर झोत टाकला की तो हिरवट-निळ्या रंगात चमकतो, जणू कुणी दगडावर त्याची आकृती रंगवून ठेवली आहे. हा गुण त्याच्या कवचातला. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी चमक येते. मादी असेल तर पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा थर दिसतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते शब्दशः खरं आहे. पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरून उतरत नाहीत.

मण्यारीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिचं विष मज्जातंतूंना गप्प करतं. स्नायूला "हल" असा निरोप देणारं रसायन तंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांत भरलेलं असतं. मण्यारीचं विष त्या पिशव्या रित्या करतं आणि टोकच नासवून टाकतं. मांस सडवणारे घटक त्यात जवळजवळ नाहीत, म्हणून सूज नाही आणि वेदना नाही. दातही इतके लहान की खूण शोधून सापडत नाही. काळी-निळी, चकचकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेली मण्यार निशाचर आहे. उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत ती घरात शिरते आणि झोपेत कुणाचा हात अंगावर पडला की चावते.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात मण्यारीचे बळी किती हे सांगणं अवघड, कारण असे कित्येक मृत्यू पोटदुखीच्या किंवा लकव्याच्या नावावर जमा होत असणार. म्हणूनच माझा आग्रह आहे की पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर जखम दिसो वा न दिसो, सर्पदंश धरूनच त्याला रुग्णालयात न्यावं. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानेही हा धोका खूप कमी होतो. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीतही मच्छरदाणी हा सर्पदंशापासून आडोसा ठरल्याचं दिसलं.

सापाच्या विषावरची लस रक्तात फिरणारं विष पकडते, पण तंतूच्या टोकात शिरलेल्या विषापर्यंत ती पोचत नाही. उशीर झाला तर लस देऊनही श्वासाचे स्नायू थांबतात आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, कधी काही दिवस. तेवढ्या काळात टोकं नव्याने उगवतात. मधल्या वेळात तो दिसतो कसा? डोळे मिटलेले, बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशालाही न हलणाऱ्या, टाचणी टोचली तरी हालचाल नाही. नवखा डॉक्टर मेंदू गेला असं समजू शकतो आणि नातेवाइकांना तसं सांगूही शकतो. पण विषाने गाठलंय ते स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंना. मेंदू जागा असू शकतो, कान ऐकत असू शकतात. म्हणून जाणते डॉक्टर अशा रुग्णाच्या मिटलेल्या पापण्या बोटांनी उचलतात, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव म्हणून सांगतात, आणि अंगठ्याकडे बघत थांबतात.