पांढऱ्या अंथरुणाची निगा

पांढऱ्या चादरी, अभ्रे, पलंगपोस आणि गादी-लोडांच्या खोळी यांचा शुभ्रपणा टिकवणे व त्यांवर पिवळी झाक धरू न देणे, हे घरातले आणि परिटाच्या धंद्यातले जुने काम. कोल्हापूरला ते जवळचे आहे. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे त्या गावाची ओळखच सुती कापडाशी जोडली गेली. इकडे शहरात गुजरीतल्या सराफी पेढ्यांची बैठक म्हणजे पांढऱ्या खोळीची गादी आणि लोड. त्या खोळीवरून पेढीची पारख व्हायची.

चादर धुळीने पिवळी पडते अशी पुष्कळांची समजूत असते. धुळीने कापड मळकट, करडे होते; पिवळेपणा येतो तो माणसाच्या अंगातून. रात्रभर त्वचेतून स्रवणारे तेल, घाम, डोक्याला चोपडलेले खोबरेल हे ताजे असताना डोळ्यांना दिसत नाही. धुण्यात ते पुरते निघाले नाही तर सुताच्या आत मुरते, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि हळूहळू ते पिवळे पडते. इस्त्रीच्या उष्णतेने ही क्रिया आणखी वेग घेते. धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवलेली चादर सहा महिन्यांनी उघडावी, तर जिथे पाठ टेकते नेमकी तेवढीच जागा पिवळसर दिसते आणि अभ्र्यावर डोक्याएवढे वर्तुळ उमटलेले असते. ठेवताना हे काहीच नव्हते. डाग तेव्हाही होता, फक्त रंगला नव्हता.

दुसरे कारण पाण्यात आहे. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याला लोक जड पाणी म्हणतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो. तो सुताला धरतो आणि त्यावर पुढचा मळ बसतो. पाण्यात लोह असेल तर त्रास वाढतो. अशा बोअरचे पाणी उपसताना नितळ असते. बादलीत तासभर ठेवले की तळाशी तांबूस गाळ दिसू लागतो. अशा पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच टाकले तर लोह गंजून कापडावरच बसते आणि पांढरी करायला घेतलेली चादर पिवळी होऊन बाहेर येते. हे डाग काढायला लिंबू, मीठ आणि ऊन ही जुनी त्रयी खरोखर उपयोगी आहे, कारण लिंबातले आम्ल गंज सोडवते. मात्र ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नये; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

म्हणून सगळ्यांत महत्त्वाची पायरी साबणाची नव्हे, विसळण्याची. पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्याजवळच्या ‘धुण्याची चावी’ या जागी धुणे होत असे, तेव्हा वाहते पाणी हे काम आपोआप करत असे. परीट कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून, भट्टीवर रचून वाफ देत. वाफेने तेल सुटे, दगडावर आपटल्याने ते सुतातून बाहेर येई आणि वाहत्या पाण्यात ते निघून जाई. ‘परीटघडी’ हा शब्द भाषेत मानाने टिकला आहे, त्यामागे ही मेहनत आहे. घरी बादलीत चुबकलेल्या चादरीला निदान तीन पाणी हवीत. विसळणे पुरे झाले का, हे पाहण्याची सोपी रीत अशी: वाळलेल्या चादरीचे एक टोक भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळावे. फेस आला, तर चादरीत अजून साबण आहे आणि उद्याचा पिवळेपणाही तिथेच आहे. साबण जास्त टाकला की कापड जास्त पांढरे होते, हा गैरसमज पुष्कळ चादरींना भोवला आहे.

तेल सोडवायला धुण्याचा सोडा चांगला. कोमट पाण्यात सोडा विरघळवून त्यात अभ्रे तासभर भिजत घालावेत, मग नेहमीसारखे धुवावेत. आधीच पिवळ्या पडलेल्या सुती कापडाला ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारी पूड क्लोरीनपेक्षा सौम्य पडते. तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, पण त्यासाठी पाणी ४० ते ६० अंश सेल्सिअस गरम लागते. थंड पाण्यात टाकून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. क्लोरीन ब्लीच सुती कापडावर बेताने चालते. रेशीम आणि लोकर त्याने पिवळी व कमकुवत होतात.

नीळ मळ काढत नाही, तिचे काम डोळ्यांशी आहे. पिवळ्यावर किंचित निळी छटा चढली की डोळ्याला कापड पांढरे वाटते. पूर्वी मौल्यवान दगड कुटून मिळणारा हा निळा रंग १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिमरीत्या बनू लागला आणि स्वस्त झाला. पुडीतल्या निळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात. म्हणून ती फडक्यात बांधून बादलीत हलवावी, पाणी हातात घेऊन रंग पाहावा आणि चादर पूर्ण उलगडून एकदम बुडवावी. पाणी ओंजळीत आकाशाइतके फिके दिसले पाहिजे. घडी तशीच बुडवली तर निळे पट्टे उठतात आणि ते पुन्हा धुतल्याशिवाय जात नाहीत. नीळ नेहमी शेवटच्या, साबण नसलेल्या पाण्यात.

डागांत हळद आणि तांबडा रस्सा हे इथले नित्याचे. हळदीला साबण लागताच ती कुंकवासारखी लाल होते. घाबरून जास्त घासू नये. डाग धुऊन कापड कडक उन्हात घालावे, ऊन तो रंग मोडते. रश्श्यातला मिरचीचा रंग तेलात मिसळलेला असतो, म्हणून आधी तेल काढायचे, मग ऊन. रक्त आणि दूध यांना आधी थंड पाणी. गरम पाण्याने ते पक्के बसतात. तालमीतल्या मुलांच्या चादरींवर आखाड्याची तांबडी माती असते. या मातीत तेल आणि हळद घातलेली असते. ती सुकू द्यावी, झाडावी आणि मगच पाणी लावावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी अनेक घरांच्या अंथरुणांत गाळ भरला. अशा कपड्यांना पाणी नितळ निघेपर्यंत नुसत्या पाण्यात विसळावे लागते, साबण त्यानंतर. आधी साबण लावला तर बारीक गाळ सुतात घासला जातो.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. चादर दोन दिवस दमट राहिली की आंबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके धरतात, जे पिवळेपणापेक्षा हट्टी असतात. या महिन्यांत मोठी चादर जोराने पिळून पंख्याखाली पसरावी, दोरीवर दुमडून घालू नये.

ठेवणीच्या चादरींना खळ घालू नये. भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ इस्त्रीला छान, पण ती कसर या किडीचे खाद्य आहे आणि दीर्घकाळ ठेवल्यास स्वतःही पिवळी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत चादर कोंडते आणि काही प्लॅस्टिकमधून येणाऱ्या द्रव्यांनीही कापड पिवळे पडते. त्याऐवजी धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळावी. लाकडी कपाटाच्या फळीला कापड थेट टेकू देऊ नये. दोन-तीन महिन्यांनी चादर बाहेर काढून घडी मोडावी आणि दुसऱ्या रेषेवर घालावी. पिवळी रेघ बहुधा घडीच्या कडेवरच पहिल्यांदा दिसते.