तंबाखू कार्डावरची नटी: फोटो की छपाई?

‘सेपिया रंग, म्हणजे अस्सल फोटो, 1880च्या दशकातला’ असं लिहून विकायला काढलेली, सिगारेटच्या पाकिटातली जुनी कार्डं बघून बघून डोकं उठलंय. तपकिरी शाईनं वाट्टेल ते छापता येतं. रंगावरून फोटो ठरत नाही.

रंगीत कार्डांवर वेळ घालवत नाही. ड्यूक कंपनीची ‘स्टार्स ऑफ द स्टेज’ किंवा अ‍ॅलन अँड गिंटरची ‘वर्ल्ड्स ब्यूटीज’ ही मालिका उघडउघड शिळाछापाची. रविवर्मा प्रेसची चित्रं ज्यांनी जवळून पाहिलीत, त्यांना ही कार्डं वेगळी शिकवावी लागत नाहीत. एकावर एक चढवलेले रंग, हातानं टाकलेले वेडेवाकडे ठिपके, सगळं तेच.

घोळ होतो तो एकरंगी कार्डांत. त्या काळात अमेरिकेत सिगारेटी नरम कागदी पाकिटात यायच्या. त्या मोडू नयेत म्हणून आत एक जाड कार्ड सरकवत, आणि गिऱ्हाईक खेचायला त्यावर चित्र. किनी ब्रदर्सच्या ‘स्वीट कॅपोरल’मध्ये आणि अ‍ॅलन अँड गिंटरच्या ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’मध्ये नट्यांचे खरेखुरे फोटो निघायचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावरचे, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट. हा कागद एकटा ठेवला तर गुंडाळतो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवत. कार्डाची कड आडवी धरून बघा: खाली पुठ्ठा, वर वेगळा पातळ पापुद्रा. छापील कार्डावर शाई थेट कागदावर बसलेली असते.

मग दहापट भिंग घ्या. बहुतेक जण काळ्याभोर केसांवर रोखतात. तिथं काहीच कळत नाही. गालाच्या कडेची फिकट सावली बघा, किंवा हनुवटीखालचा गळा. हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी छटा भासवणारी छपाई असेल तर तिथं ठिपके शिस्तीत रांगा धरून उभे दिसतील. अल्ब्युमेनमध्ये ठिपका नावालाही नाही. छटा सलग उतरत जाते, आणि तिच्या आतून कागदाचे तंतू दिसतात. उजळ भाग पिवळट पडलेला, कडा विटलेल्या, पृष्ठभागावर कधी केसासारख्या बारीक भेगा. अक्षरंही तपासा. बऱ्याच फोटो कार्डांवर ब्रँडचं नाव फोटोतच उतरलेलं असतं, म्हणून तेही त्याच तपकिरी छटेत.

ठिपके नाहीत म्हणून लगेच पैसे मोजू नका. अस्सल कार्डाचा पुन्हा फोटो काढून केलेली नक्कलही बिनठिपक्यांचीच असते. तिच्यात चेहऱ्याचे बारकावे बुजतात, आणि जिलेटिनचा थर दिलेल्या, नंतरच्या काळातल्या फोटो कागदावर असेल तर तंतू दिसत नाहीत. नुसत्या जिलेटिनवरून मात्र नक्कल ठरवू नका: लिव्हरपूलच्या ऑग्डेन या तंबाखू कंपनीची 1900च्या आसपासची ‘गिनी गोल्ड’ कार्डं अस्सल फोटोच आहेत, फक्त नंतरच्या पद्धतीचे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

मागची बाजू दिसावी म्हणून कार्ड पाण्यात भिजवून अल्बममधून सोडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. छापील कार्ड त्यातून एखादवेळ वाचेल, अल्ब्युमेनचा पापुद्रा सुटतो किंवा सुरकुततो. लॅमिनेशन तर नकोच. चकचकीत केलेल्या कार्डापेक्षा विटलेलं पण हात न लावलेलं कार्ड मी केव्हाही घेईन.

नावांचंही तसंच. देखणी, भरल्या अंगाची नटी दिसली की त्या काळची गाजलेली अमेरिकन गायिका-नटी ‘लिलियन रसेल’ म्हणून मोकळे होतात. कार्डावर नाव नसेल तर सॅरोनी किंवा मोरा या न्यूयॉर्कच्या स्टुडिओंच्या कॅबिनेट फोटोंशी, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या मोठ्या फोटोंशी ताडून बघा. कंपन्या तेच फोटो लहान करून वापरत, त्यामुळे पोशाखाची चुणी न् चुणी जुळते. अमेरिकन संग्राहक जेफरसन बर्डिकनं जमवलेल्या कार्डांपैकी बरीच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथं बर्डिकच्याच कार्डसूचीतल्या क्रमांकानं शोधा: ‘स्वीट कॅपोरल’च्या नट्या एन245, ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’च्या एन45. हा क्रमांक मालिकेचा असतो, एकट्या कार्डाचा नव्हे. म्हणून ‘दुर्मीळ एन245’ एवढंच लिहिलेल्या जाहिरातीवरून हातात नेमकी कोण येणार ते कळत नाही.