धरणाचं पाणी पिण्याचं, मग मासाही बिनघोर?

(आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक)

"काका, खडकवासल्याचा आहे ना? मग द्या. पिण्याच्या पाण्यातला म्हणजे चांगलाच." दर रविवारी हे एकदा तरी ऐकायला मिळतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचं पाणी आपण पितो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पाऱ्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो.

पारा धरणात येतो तो बराचसा आभाळातून. दगडी कोळसा जळला की त्यातला पारा वाऱ्याबरोबर लांब जातो आणि पावसात खाली उतरतो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. हे रूप अंगात शिरलं की लवकर बाहेर पडत नाही. शेवाळात थोडं, शेवाळावर जगणाऱ्या किड्यांत जास्त, किडे खाणाऱ्या मासोळीत त्याहून जास्त, आणि मासोळ्या गिळणाऱ्या बड्या माशात सगळ्यांची बेरीज. म्हणून पाण्यात पारा जेमतेम सापडतो आणि त्याच पाण्यातल्या जुन्या शिकारी माशात तो पाण्याच्या लाखो पट असू शकतो.

न्यूयॉर्क शहर कॅट्सकिल डोंगरांतल्या तलावांचं पाणी पितं. ते इतकं स्वच्छ की गाळण्याशिवाय नळाला सोडतात. पण त्याच तलावांतले वॉलआय आणि स्मॉलमाउथ बास हे शिकारी मासे मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी खाऊ नयेत, असं तिथलं आरोग्य खातं पाऱ्यामुळे सांगतं. पाणी प्या, मासा जपून.

आपल्याकडचे नियमही हेच बोलतात. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. शिकारी नसलेल्या माशात किलोमागे ५००.

आता ताटातला हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी पोटातल्या बाळाचा मेंदू डोळ्यांसमोर ठेवून मर्यादा घातली आहे : आठवड्याला, वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी. ६० किलो वजनाच्या बाईला झाले ९६. किलोमागे ५०० असलेल्या माशाचे १९० ग्रॅम तुकडे खाल्ले की आठवड्याचा कोटा संपला. ५० असलेला मासा मात्र पावणेदोन किलो खाल्ला तरी चालेल. म्हणजे मासा सोडायचं कारण नाही, निवडायचं आहे.

कटला पाण्यातले बारीक जीव खातो, रोहू वनस्पती, मृगळ तळातला कुजका पाला. चिलापी बरीचशी शेवाळावर. या मंडळींत पारा कमी साठतो, आणि एक-दीड किलोचा रोहू वयानंही लहान असतो. मरळ आणि शिंगटा शिकारी. चवीला मरळीला तोड नाही, हे आम्ही विकणारे म्हणूनच नव्हे तर खाणारे म्हणूनही सांगतो, पण चार किलोची मरळ म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली शिदोरी. समुद्राकडे वळलात तर मोरी आणि मोठी सुरमई याच रांगेत. बांगडा, तारली, मांदेली बिनधास्त.

मीठ-हळद लावून, चिंचेच्या कोळात ठेवून किंवा कातडी काढून पारा जात नाही. तो मांसातल्या प्रथिनांना धरून बसलेला असतो. तळला काय नि रस्सा केला काय, तेवढाच राहतो. वास नाही, रंग नाही, कल्ले लालबुंद असले तरी काही सांगता येत नाही. ताजेपणा ही वेगळी परीक्षा.

उजनीच्या मासळीला नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगतो : मुळा-मुठेतून आपलंच सांडपाणी भीमेला मिळून तिकडे जातं आणि सोलापूर तेच धरण पितं. तेव्हा फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर किंवा जुनी ट्यूबलाइट नाल्यात टाकू नका.

आमच्याकडे रोहू-कटला आंध्रच्या तळ्यांतला बर्फातला आणि उजनीचा असा दोन्ही असतो. कुठला ते विचारा, पाटीवर नसलं तरी सांगू. घरी कुणी गरोदर असेल, बाळाला पाजत असेल किंवा लहान मूल असेल तर काट्यावर मासा चढायच्या आधी बोला. मरळ मागितलीत तरी आम्ही चिलापी पुढे करू, आणि त्यात आमचा नफा कमी आहे.