लघुग्रहाकडून ताऱ्याचं पिधान

एखादा लघुग्रह फिरता फिरता लांबच्या ताऱ्याच्या अगदी समोर आला की पृथ्वीवरच्या एका ठराविक पट्ट्यातून तो तारा काही सेकंद दिसेनासा होतो आणि मग परत होता तसा दिसायला लागतो, याला लघुग्रह पिधान म्हणतात. पिधान हा शब्द आपल्याला तसा नवा नाही, चंद्र रोहिणीला किंवा मघेला झाकतो तेव्हा पेपरात 'पिधान युती' म्हणून बातमी येते तेच हे, फक्त झाकणारा चंद्र नसून पन्नास-शंभर किलोमीटरचा दगड असतो आणि तो बऱ्याचदा आपल्या दुर्बिणीतून दिसतसुद्धा नाही. म्हणजे बघणाऱ्याला कळतं ते इतकंच, की तारा होता, गेला, आला. याला छोटं ग्रहण म्हटलं तरी चालेल, कारण त्या वेळी आपण लघुग्रहाच्या सावलीत उभे असतो, फक्त ही सावली सूर्यामुळे नाही तर त्या एका ताऱ्याच्या उजेडामुळे पडलेली असते.

सावलीची ही गोष्ट डोक्यात नीट बसली की बाकीचं सोपं आहे. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात, त्यामुळे लघुग्रह जेवढा तेवढीच सावली, ६० किलोमीटरच्या लघुग्रहाची सावलीही ६० किलोमीटरची (तिरकी पडली तर जमिनीवर जरा लांबते, पण ते हिशोबात धरलेलं असतं). मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातल्या लघुग्रहांच्या सावल्या साधारण सेकंदाला १० ते २० किलोमीटर वेगाने पळतात. १५ धरा, म्हणजे मुंबईवरून निघालेली सावली पुण्याला ८ सेकंदांत पोचते, घाटात ट्रॅफिक असो नसो. अशा सावलीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला तारा ४ सेकंद गायब दिसेल, कडेच्या माणसाला कदाचित एकच सेकंद, आणि पट्ट्याच्या बाहेर दोन किलोमीटरवर बसलेल्याला काहीही दिसणार नाही.

याचा उपयोग काय, तर माप. तारा किती वेळ गायब होता त्याला सावलीच्या वेगाने गुणलं की लघुग्रहाची एक जीवा मिळते, शाळेतल्या भूमितीत वर्तुळाची असते तीच जीवा. पट्ट्यात आडवे दहा जण बसले आणि दहा जणांनी वेळ नोंदवली तर दहा समांतर जीवा मिळतात, त्यांची टोकं जोडली की लघुग्रहाची बाह्यरेषा कागदावर उभी राहते. साध्या दुर्बिणीतून जो नुसता ठिपका दिसतो त्याचा आकार किलोमीटरच्या हिशोबात कळतो, आणि तेही घरच्या गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीने. प्रत्यक्ष यान पाठवण्याखालोखाल इतकं अचूक माप देणारी पद्धत हीच, असं माझं मत आहे.

सावली कुठे पडणार

या सगळ्या प्रकाराचा जीव भाकितात आहे. पिधान चुकलं तर बहुतेक वेळा ढगांमुळे चुकतं, पण एक काळ असा होता की आकाश स्वच्छ, दुर्बीण तयार, माणसं जागी, आणि सावलीच दुसऱ्या राज्यात पडली असं सर्रास व्हायचं.

भाकिताला दोन गोष्टी लागतात, ताऱ्याची नेमकी जागा आणि लघुग्रहाची नेमकी कक्षा. आकाशातलं अंतर अंश, कला, विकला यात मोजतात, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. आता लघुग्रह पृथ्वीपासून सूर्याच्या दुप्पट अंतरावर आहे असं धरलं तर अर्ध्या विकलेची चूक म्हणजे जमिनीवर सावली जवळजवळ सातशे किलोमीटर सरकली, कोल्हापूरसाठी सांगितलेली सावली मग कुठेही पडू शकते. जुन्या तारासूची फोटोच्या काचांवरून केलेल्या, त्यात असल्या चुका नेहमीच्या, शिवाय तारेसुद्धा स्वतःच्या गतीने सरकत असतात, म्हणजे सूची जितकी जुनी तितकी चूक वाढलेली. म्हणून शेवटच्या काही रात्रींत तारा आणि लघुग्रह एकाच फोटोत घ्यायचे, दोघांमधलं अंतर मोजायचं आणि ऐनवेळी पट्टा दुरुस्त करायचा अशी धावपळ चालायची.

ताऱ्यांच्या जागा मोजायला १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस यानाने यात पहिली सुधारणा केली, पण खरा फरक पडला तो गाया यानामुळे. युरोपचं हे यान डिसेंबर २०१३ मध्ये गेलं आणि २०१८ साली त्याची दुसरी सूची आली तेव्हापासून भाकितं करणाऱ्यांचं आयुष्यच बदललं, कारण आता ताऱ्याची जागा विकलेच्या हजाराव्या भागाहूनही बारीक माहीत असते, आणि मघाच्या अंतरावर हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम दीड किलोमीटर. आता चूक उरते ती मुख्यतः लघुग्रहाच्या कक्षेत. त्यातही एक गंमत आहे, एकदा पिधान यशस्वीपणे टिपलं की त्या क्षणी लघुग्रह त्या ताऱ्यापाशीच होता हे पक्कं झालं, म्हणजे ताऱ्याची गायावाली अचूकता लघुग्रहालाही मिळाली, कक्षा सुधारली, पुढचं भाकीत आणखी नेमकं झालं. एक मिळालं की पुढची सोपी होत जातात.

आजकाल ही गणितं हाताने कोणी करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डेव्ह हेराल्ड यांचं 'ऑकल्ट' हे सॉफ्टवेअर पट्टे काढून देतं आणि 'ऑकल्ट वॉचर' आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश दिले की आपल्या जवळून कुठली सावली कधी जाणार याची यादी समोर ठेवतं, शिवाय कोण किती किलोमीटरवर बसणार आहे तेही दिसतं, म्हणजे दोघांनी एकाच रेषेवर बसून एकच जीवा दोनदा मोजायला नको. वेळा जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नये, आणि तारीख बदलते का तेही बघावं. हे वाचून हसू येईल, पण एक दिवस उशिरा दुर्बीण लावून बसणारी माणसं असतात.

प्रत्यक्ष बघताना

तारा आधी ओळखून ठेवणं हे निम्मं काम. दहाव्या-अकराव्या प्रतीचा तारा असला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तर आजूबाजूला तसलेच पन्नास ठिपके असतात, त्यामुळे तासभर आधी नकाशा काढून एकेका ताऱ्यावरून उड्या मारत तिथे पोचायचं आणि मग हलायचं नाही. पूर्वी लोक डोळा लावून बसायचे, शेजारी टेपरेकॉर्डर, त्यावर रेडिओवरचे वेळेचे टिकटिक सिग्नल, तारा गेला की ओरडायचं, आला की ओरडायचं, आणि नंतर टेप ऐकून वेळ काढायची, त्यातून स्वतःचा रिॲक्शन टाइम वजा करायचा. आता व्हिडिओ कॅमेरा लावतात. सेकंदाला १५ किलोमीटरच्या हिशोबाने वेळेत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे जागेत दीड किलोमीटरची चूक, म्हणून मोबाइलचं किंवा लॅपटॉपचं घड्याळ भरवशाचं नाही, जीपीएसवरून घेतलेली वेळ प्रत्येक फ्रेमवर छापली जाते असं उपकरण वापरतात. नंतर फ्रेममागून फ्रेम ताऱ्याचं तेज मोजून आलेख काढला की सरळ रेघ चालत येते, एकदम खाली पडते, काही वेळ तळाशी राहते आणि परत वर चढते, भिंतीसारखी. लघुग्रहाला वातावरण नसतं म्हणून भिंत. वातावरण असलेली वस्तू, समजा प्लुटो, समोर आली तर तेज हळूहळू उतरतं, आणि २०२० च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या देवस्थळच्या दुर्बिणींनी प्लुटोचं असंच एक पिधान टिपून त्याच्या वातावरणाचा दाब मोजायला मदत केली होती. कधी कधी तेज एकदम न पडता दोन पायऱ्यांनी पडतं, तेव्हा बहुधा तो तारा जोडतारा निघतो, फुकटात शोध.

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी यात एक भारी जुगाड केलाय. एकच माणूस दहा ठिकाणी कसा बसणार, तर तो पट्ट्यात आडवा गाडीने फिरत जाऊन जागोजागी छोट्या दुर्बिणी लावून ठेवतो, काही तर बायनॉक्युलरचा अर्धा भाग कापून बनवलेल्या. मोटर नसते, काही नसते. पृथ्वी फिरते तसं आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणून दुर्बीण आकाशात अशा ठिकाणी रोखून ठेवायची की बरोबर पिधानाच्या वेळी तो तारा आपोआप तिच्यासमोर येईल. कॅमेरा चालू करायचा, पुढच्या स्टेशनला जायचं, पहाटे येऊन सगळं गोळा करायचं.

आणि तारा गायब झाला नाही तरी नोंद पाठवायची असते, ही गोष्ट नव्या लोकांना पटत नाही. रात्रभर जागून काही घडलं नाही म्हणून माणूस हिरमुसून झोपतो, पण 'इथून तारा झाकला गेला नाही' ही नोंद लघुग्रहाची कड याच्या आत आहे हे सांगते, तीन जीवा आणि त्यांच्या शेजारी एक नकार असला की आकार बराच आवळला जातो.

काही गाजलेली पिधानं

आधी भाकीत करून मग बघितलेलं पहिलं लघुग्रह पिधान १९५८ सालचं, जूनो लघुग्रहाचं, स्वीडनमधल्या माल्मोहून. त्यानंतरचं १९६१ मधलं पॅलसचं, ते आपल्याकडे नैनीतालच्या वेधशाळेतून टिपलं गेलं, ही गोष्ट भारतात फार कोणाला माहीत नसते. मिथुन राशीतला नुसत्या डोळ्यांना दिसणारा एक तारा २४ जानेवारी १९७५ ला एरॉस लघुग्रहाने झाकला तेव्हा अमेरिकेत अनेकांनी तो बघितला, आणि २९ मे १९८३ ला पॅलसने परत एक तारा झाकला तेव्हा तर सुमारे १३० ठिकाणांहून वेळा आल्या. १९७८ मध्ये हर्क्युलिना लघुग्रहाच्या पिधानात ताऱ्याच्या तेजात एक जास्तीची घट दिसली म्हणून त्याला उपग्रह आहे असं ठरत आलं होतं, नंतर तो कोणालाच सापडला नाही. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या नोंदीवर लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच आहे.

जास्तीच्या घटीतून खरे शोधही लागलेत. १९७७ मध्ये युरेनसची कडी अशीच सापडली, ग्रहामागे तारा जाण्याच्या आधी आणि नंतर तो भलत्याच वेळी लुकलुकला, आणि त्या रात्री तामिळनाडूतल्या कावलूरलाही निरीक्षण झालं होतं. ३ जून २०१३ ला दक्षिण अमेरिकेतून शनी आणि युरेनसच्या मधून फिरणाऱ्या खारिक्लोचं पिधान बघताना तोच प्रकार, मुख्य घटीच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या घटी, म्हणजे जेमतेम अडीचशे किलोमीटरच्या वस्तूला दोन कडी! तोपर्यंत कडी फक्त मोठ्या ग्रहांना असतात असंच सगळे धरून चालले होते. पुढे नेपच्यूनपलीकडच्या हाउमिया आणि क्वाओआर यांचीही कडी पिधानातूनच कळली. २७ मार्च २०२२ ला पॉलिमेली लघुग्रहाच्या पिधानात २६ गटांपैकी दोघांच्या नोंदी बाकीच्यांशी जुळेनात, आणि त्यातून सुमारे ५ किलोमीटरचा उपग्रह निघाला, नासाचं लूसी यान तिथे पोचायच्या कितीतरी आधी.

सगळ्यात रंगतदार गोष्ट मात्र अर्जेंटिनाची. नासाचं न्यू होरायझन्स यान प्लुटोच्या पुढे ज्या वस्तूकडे निघालं होतं ती (तिचं ॲरोकॉथ हे नाव नंतर पडलं) सहाशे कोटी किलोमीटरहून लांब, जेमतेम काही दहा किलोमीटरच्या घरातली, हबल दुर्बिणीतही ठिपकाच. २०१७ च्या ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत मोठी फौज बसवली, कोणालाच काही दिसलं नाही. १७ जुलैला परत, या वेळी पातागोनियात, ऐन हिवाळ्यात, सोसाट्याचा वारा. कोमोदोरो रिवादाव्हिया शहराजवळच्या लोकांनी दुर्बिणींना आडोसा म्हणून ट्रक उभे केले, गाड्यांच्या दिव्यांचा त्रास नको म्हणून हायवे दोन तास बंद ठेवला, रस्त्यावरचे दिवे घालवले. २४ दुर्बिणी ओळीने मांडलेल्या, त्यातल्या ५ जणींना तारा गायब झालेला दिसला, तोही अगदी क्षणभर. पण त्या पाच जीवा कागदावर मांडल्यावर आकार गोल बसेना, दोन गोळे चिकटल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. १ जानेवारी २०१९ ला यान शेजारून गेलं आणि फोटो आले, तर खरंच दोन गोळे चिकटलेले.

उलटंही होतं. २० मार्च २०१४ ला एरिगोनी लघुग्रह मघा ताऱ्याला झाकणार होता, पट्टा थेट न्यूयॉर्क शहरावरून, दुर्बिणीचीही गरज नाही, नुसतं खिडकीतून बघायचं. सगळीकडे ढग. १२ डिसेंबर २०२३ ला लिओना लघुग्रहाने मृगातल्या तांबूस काक्षीला झाकलं (आर्द्रा म्हणतात तोच), युरोपच्या दक्षिणेकडून आणि फ्लोरिडातून. त्यात काक्षीची तबकडी आकाशात जवळजवळ लिओनाएवढीच मोठी दिसते, त्यामुळे तारा पटकन विझण्याऐवजी मंद होत गेला आणि परत उजळला.

सध्या नजर आहे ती अपोफिस लघुग्रहावर, जो १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या अगदी जवळून, सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. साडेतीनशे मीटरचा दगड, म्हणजे सावली एखाद्या गल्लीच्या लांबीएवढी, आणि तरी मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत ती सापडली. त्या नोंदींनी कक्षा इतकी घट्ट झाली की पुढच्या पिधानांना माणसं कुठल्या शेताच्या बांधावर बसवायची हे आधीच सांगता यायला लागलं.