आशिया टॅलेंट कप : अर्ज कोणी करावा, कागदपत्रं कोणती आणि करारात काय वाचावं

2025 च्या मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत, पूर्ण हंगामाचे 22 रायडर होते. त्यांतले 9 स्पेनचे, 6 इटलीचे. आशियाचे दोघेच : जपानचा आय ओगुरा आणि थायलंडचा सोमकियात चांत्रा. हे दोघंही आशिया टॅलेंट कप या नवोदितांच्या स्पर्धेतून वर आले. चांत्रा तर 2016 चा विजेता. म्हणून तुमच्या घरातलं मूल रेसिंगचं मनावर घेऊन बसलं असेल, तर 2014 पासून सुरू असलेली ही वाट (2026 पासून नाव मोटो4 आशिया कप) नीट समजून घ्या.

अर्ज आशिया आणि ओशनियातल्या मुलामुलींसाठी असतो. राष्ट्रीयत्व पासपोर्टवरून ठरतं, राहता कुठे यावरून नाही. दुबईत वाढलेलं मराठी मूल भारतीय पासपोर्टवर भारताचंच रायडर धरलं जातं. वयाची अट त्या हंगामाच्या अर्जात दिलेली असते, ती सगळ्यांत आधी पाहा. पुढचं गणितही आताच मांडा : 2023 पासून ग्रां प्रीच्या तिन्ही वर्गांत (मोटोजीपी, मोटो2, मोटो3) किमान वय 18 आहे, सवलत अगदी मोजक्यांना. 2021 मध्ये कोवळ्या वयाची मुलं ट्रॅकवरच्या अपघातांत दगावली, त्यानंतर हा नियम आला. तो योग्यच आहे, घाई करू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यातून निवडलेल्यांना चाचणीला बोलावतात. ही चाचणी बहुतेक वेळा मलेशियात सेपांगला झाली आहे. स्पर्धेत सगळ्यांना सारखीच होंडा एनएसएफ250आर ही रेसिंग मोटारसायकल मिळते, ती आयोजकच देतात. त्यामुळे घरची महागडी गाडी इथे कामाला येत नाही, अनुभव येतो. तो चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर मिळवावा लागतो. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या इंडिया टॅलेंट कपात एनएसएफ250आरवरच तयार झाला.

कागदपत्रांत पासपोर्ट, जन्मदाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांचं संमतिपत्र, आजवरच्या शर्यतींचे निकाल आणि एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना) रेसिंग लायसन्स तयार ठेवा. परदेशी शर्यतीसाठी याच संघटनेची परवानगीही लागते. आपल्याकडे हमखास अडतं ते नावापाशी. जन्मदाखल्यावर नुसतं नाव, शाळेत आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये. लायसन्स काढतानाच पासपोर्टवरचं स्पेलिंग द्या, नाहीतर ऐन व्हिसाच्या वेळी धावपळ होते.

आता करार. यावर मी जास्त बोलणार, कारण पालक इथेच कमी वाचतात. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची सही चालत नाही. पालक म्हणून तुम्ही सही करता, तेव्हा कोणती देणी तुमच्या अंगावर येतात ते वकिलाला विचारा. मुदतवाढीचा हक्क दोघांना आहे की फक्त टीमला? हेल्मेट आणि सूटवर स्वतःचे प्रायोजक लावता येतील का? मध्येच सोडायचं ठरलं तर काय? मोटोजीपीचा विश्वविजेता मार्क मार्केझ, त्याचा होंडाशी करार 2024 अखेरपर्यंतचा होता. तो 2023 लाच संपला, पण दोघांच्या संमतीनं. नवख्याला असं सुटता येईलच असं नाही, म्हणून कलम आधीच लिहून घ्या.

राष्ट्रीयत्वाचा आधार किती, हेही ओळखून असा. मोटोजीपीतल्या एलसीआर होंडा या टीममध्ये इदेमित्सू या जपानी तेल कंपनीच्या पाठबळावरची जागा 2018 पासून जपानच्या ताकाआकी नाकागामीकडे होती, 2025 ला ती चांत्राला मिळाली. 2026 साठी तिथे ब्राझीलचा दिओगो मोरेरा आला. महिंद्रानं 2011 मध्ये ग्रां प्रीच्या तेव्हाच्या सगळ्यांत लहान, 125 सीसी वर्गात टीम उतरवली, तेव्हा त्यांचे दोन्ही रायडर युरोपचे होते. पासपोर्टमुळे चाचणीपर्यंतचा दरवाजा उघडतो, जागा टिकते ती ट्रॅकवर नोंदवलेल्या वेळेवर.

शेवटचं कलम दुखापतीचं. हाड मोडलं तर परदेशातल्या इस्पितळाचा खर्च कोण देणार, मुलाला घरी आणण्याचं विमान कोण करणार आणि बरं होईपर्यंत जागा राहणार का, ही तिन्ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.